रुग्णाला बांधण्याबद्दल सिस्टरांना काय वाटतं? प्रबंधाचा माझा अनुभव

मानसोपचार नर्सिंगच्या एम.एस्सी.साठी मी विषय घेतला: रुग्णाला बांधून ठेवण्याबद्दल गोव्यातल्या डॉक्टर, सिस्टर आणि अटेंडंट यांचा दृष्टिकोन. गाईड मॅडमनी आधी विचारलं, ‘‘माहिती तपासायची आहे की मत?’’ कायद्याची माहिती सगळ्यांनाच असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या कलम ९५ नुसार साखळीला पूर्ण बंदी आहे. कलम ९७ नुसार तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल, तरच आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. परीक्षेत हे सगळे बरोबर लिहितात. रात्री अडीच वाजता रुग्ण खिडकीची काच फोडतो तेव्हा हात कशाकडे जातो, ते वेगळं.

नवी प्रश्नावली रचण्यापेक्षा नॉर्वेत २००८ मध्ये तयार झालेली सक्तीविषयक, म्हणजे रुग्णाला मनाविरुद्ध बांधण्यासारख्या उपायांबद्दलची, मोजपट्टी घ्यायची असं ठरलं. तिच्यात १५ विधानं आहेत आणि ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत पाच पर्याय. मूळ लेखिकेला ईमेल करून परवानगी घेतली. विधानांचं मराठी आणि कोकणी केलं, दुसऱ्यांकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं, तज्ज्ञांना दाखवलं. हे काम वेळखाऊ, पण सरळ.

खरा पेच संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत निघाला. अर्जात मी वय, हुद्दा, वॉर्ड, नोकरीची वर्षं असे रकाने ठेवले होते. एका सदस्यांनी सांगितलं, ‘‘गोव्यात या क्षेत्रातली माणसं मोजकी. ‘पुरुष, स्टाफ नर्स, वय ४७’ एवढ्यावरून अर्ध्या गोव्याला नाव कळेल.’’ अगदी खरं. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याची सिस्टर आणि दक्षिण टोकाच्या काणकोणचा अटेंडंट एकमेकांच्या घरच्यांना ओळखतात. मग वॉर्डचा रकाना गेला, वयाचे गट केले. भरलेला कागद इन्चार्ज सिस्टरांकडे न देता कुलूपबंद पेटीत टाकायचा, असं ठरलं. वरिष्ठांच्या हातात जाणाऱ्या कागदावर कोण लिहील की आपल्याला बांधणं कधीकधी आवश्यक वाटतं?

या मोजपट्टीचे तीन भाग आहेत: सक्ती म्हणजे अपमान, सक्ती म्हणजे सुरक्षितता, सक्ती म्हणजे उपचार. तिन्ही भागांच्या गुणांची बेरीज करून ‘चांगला दृष्टिकोन’ आणि ‘वाईट दृष्टिकोन’ असे शिक्के मारू नयेत, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. एकच सिस्टर पहिल्या भागालाही ‘पटतं’ म्हणते आणि दुसऱ्यालाही. यात विसंगती नाही. तिला दोन्ही एकाच वेळी जाणवतं. तिसऱ्या भागात तीनच विधानं असल्यामुळे त्याचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७० च्या खाली राहिला. विधानं कमी असली की असं होतं. तो भाग टाकून न देता मी तसं लिहून दिलं.

मुख्य पाहणीआधीच्या चाचणीत कागद भरून झाल्यावर एक ज्येष्ठ सिस्टर माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, ‘‘बाय, बांधायची हौस कुणाला असते? रात्री आम्ही दोघीच. एकाला धरलं तर बाकीच्यांकडे कोण बघणार?’’ मनुष्यबळाची कमतरता हे कारण कायद्याला चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग ती कमतरता भरून काढणं कुणाचं काम? त्यांच्या बोलण्यानंतर, कमिटीची पुन्हा मंजुरी घेऊन, मी आणखी तीन प्रश्न जोडले: रात्रपाळीत सोबत किती जण असतात, रुग्णाला बोलून शांत करण्याचं प्रशिक्षण मिळालंय का, आणि बांधल्यानंतर त्याच्याशी बोलायला वेळ मिळतो का. या उत्तरांशिवाय नुसते गुण छापले असते तर सारा दोष सिस्टरांच्या माथी गेला असता.

मुख्य पाहणीत एकट्या-दुकट्या रात्रपाळ्या करणाऱ्यांचा कल सुरक्षिततेच्या विधानांकडे जास्त दिसला. पाहणी लहान होती, त्यामुळे कार्यकारणाचा दावा मी केला नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं.

ज्यांना बांधलं जातं, त्यांना मात्र मी अजून विचारलेलं नाही. त्यांच्याशी बोलायचं तर कायद्यानुसार त्यांची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि एथिक्स कमिटीकडे अर्ज नव्याने करावा लागतो. तो मी सध्या लिहिते आहे. बरे होऊन घरी गेलेल्यांपासून सुरुवात करणार आहे.