सरांनी मोकळी सोडलेली जागा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहावे असे मनात होते. परंतु कागद पुढे घेतल्यावर विज्ञानाच्या सरांखेरीज दुसरे काहीच सुचेना.

आवर्तसारणी म्हणजे पाठांतर, अशी आमची पक्की समजूत होती. सरांनी फळ्यावर लिथियम ७, त्याखाली मोकळी जागा आणि त्याखाली पोटॅशियम ३९ असे लिहिले व मधला अणुभार पुस्तक न उघडता काढायला लावला. बेरजेची निमपट २३ आली, सोडियमचा अणुभार नेमका तेवढाच निघाला आणि डोबेरायनरची त्रिके, म्हणजे सारख्या गुणांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट, कायमची लक्षात राहिली. मग रॉकेलच्या बाटलीतले सोडियम चिमट्याने काढून त्यांनी सुरीने कापले. रुपेरी काप बघता बघता मळकटला. त्याचा लहानसा तुकडा फिनॉल्फ्थॅलिन हे आम्लारीत गुलाबी होणारे दर्शक घातलेल्या पाण्यावर सैरावैरा पळू लागला आणि त्याच्यामागे गुलाबी रेघ उमटत गेली. पोटॅशियम टाकण्याआधी मात्र सर थांबले. ‘‘हा त्याच घरातला थोरला. काय करील ते आधी वहीत लिहा.’’ बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन केंद्रकापासून अधिक दूर, म्हणून तो अधिक सहज सुटणार, असे आम्ही काही जणांनी लिहिले, आणि तुकडा पाण्याला लागताच जांभळट ज्योत पेटली. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने तिच्यातल्या सिलिकॉनखालच्या अज्ञात मूलद्रव्याचा अणुभार १८७१ मध्ये ७२ वर्तवला होता आणि १८८६ मध्ये ते मूलद्रव्य, म्हणजे जर्मेनियम, सापडले, ही हकीकत सरांनी त्यानंतरच सांगितली. तोवर तिचे मोल आम्हाला कळू लागले होते.

आज मी माती परीक्षणाचे काम करतो. मिरज, वाळवा, पलूस भागांतून, उसाला पाटाने भरमसाट पाणी देऊन बिघडलेल्या कृष्णाकाठच्या जमिनींचे नमुने येतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसते व पाणी मुरत नाही. जिप्सममधले कॅल्शियम हे आवर्तसारणीत शेजारच्या कुळातले, दोन धनभारांचे. ते सोडियमची जागा घेते, आणि चराने निचरा केलेला असेल तर सुटलेले सोडियम पाण्याबरोबर निघून जाते. शेतकऱ्यांना हे समजावताना माझ्या तोंडी सरांचीच भाषा येते.

आता सुरक्षिततेच्या काळजीपोटी हे प्रयोग पडद्यावर दाखवतात, असे ऐकतो. सोडियमच्या बाबतीत ती काळजी रास्तच आहे. तरीही, मुलांनी काही वर्तवावे आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पडताळावे, हे पडद्यावर साधत नाही याचे वाईट वाटते. निदान ज्योतपरीक्षा तरी प्रत्यक्ष व्हावी: साध्या मिठाची पिवळी, पोटॅशियमच्या क्षाराची फिकट जांभळी, कॅल्शियमची विटकरी ज्योत. त्यासाठी लागणारे क्षार, तारा आणि बर्नर सरांच्या नावाने देण्याची माझी इच्छा मी मुख्याध्यापकांना कळवली आहे.