भाजी आली, पण घराघरांत पोचायला वर्ष लागलं

आमच्या वस्तीत बिस्किटं, तळलेले पदार्थ, पाकिटातलं काय हवं ते चार पावलांवर मिळायचं. ताजी भाजी हवी तर दोन बस बदलायच्या. गाडीवाल्यांच्या घरी भाजी शिजायची, बाकीच्यांचा आठवडा कांद्या-बटाट्यावर निघायचा. वैतागून आम्ही अकरा घरं एकत्र आलो. पैसे आधी गोळा करायचे, दर शनिवारी थेट शेतकऱ्याकडून माल आणायचा आणि वाटून घ्यायचा, असं ठरलं.

किती आणायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, म्हणून तोच आकडा धरून मी गुणाकार केला. चार माणसं, सात दिवस, म्हणजे एका घराला ११ किलो २०० ग्रॅम! बरं, त्यात बटाटा-रताळी धरत नाहीत. आम्ही तोवर बटाटे मोजूनच खूश होतो. शेवटी निम्म्यावर तडजोड केली. एवढी भाजी उचलून आणणार कोण, हा प्रश्न होताच.

दोन महिने झकास गेले. निदान मला तरी तसं वाटत होतं. वजनकाटा माझा, त्यामुळे आवराआवर होईपर्यंत मी थांबायचो. तेव्हा लक्षात आलं की शेवटी येणारी माणसं दर वेळी तीच असतात. वाटप सकाळी दहाला, आणि कामावरून सुटून येणाऱ्या एक मावशी पोचायच्या अडीचला. एकदा त्यांनी पालेभाजीची उरलेली जुडी उचलली, पानं उलटून पाहिली, सगळी पिवळी पडलेली. जुडी हळूच परत ठेवली आणि बटाटे घेऊन निघाल्या. "मला काय, चालतं," म्हणाल्या. पैसे त्यांनीही सगळ्यांइतकेच भरले होते.

पानं पिवळी पडायला थोडे आम्हीही कारण होतो. पिकलेल्या टोमॅटोतून इथिलीन वायू सुटतो, त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते, आणि आम्ही दोन्ही एकाच क्रेटमध्ये कोंबत होतो. ते सोपं होतं. क्रेट वेगळे केले, पाल्यावर ओलं गोणपाट टाकलं.

वाटपाची पद्धत बदलायची म्हटल्यावर मात्र भांडण पेटलं. "निवडून घ्यायचं असेल तर लवकर यावं की!" असं म्हणणाऱ्यांत पहिल्या बैठकीत मीही होतो, ते कबूल करतो. मावशी त्या बैठकीलाही नव्हत्या, कारण बैठकही सकाळीच होती. तीन बैठकांनंतर निवडानिवड बंद झाली. सगळ्यांच्या पिशव्या आधीच सारख्या भरायच्या, वर घराचा नंबर लिहायचा, आणि संध्याकाळी सात ते नऊ दुसरं वाटप ठेवायचं. शेजारी एक टेबल ठेवलं. न आवडणारी भाजी तिथे ठेवायची, दुसरी उचलायची. त्या टेबलावर कारली साचतात, ते सोडा.

मग पैशांचा प्रश्न आला. काही घरांना आगाऊ भरणं जमेना. आमच्यातल्या एका काकांनी इंग्लंडमधल्या रॉचडेलचा दाखला दिला. तिथे २८ जणांनी १८४४ मध्ये पीठ, लोणी, साखर असल्या मोजक्या जिनसांचं सहकारी दुकान उघडलं आणि उधारी साफ बंद ठेवली. उधारी आम्हीही ठेवली नाही. पण प्रत्येक पिशवीमागे थोडी रक्कम बाजूला टाकून एक सामाईक डबा केला. ज्याला अडचण असेल त्याने फक्त हिशोब ठेवणाऱ्याला, म्हणजे मला, सांगायचं.

आणि तिथेच मी माती खाल्ली. हिशोबाला बरं म्हणून एका पिशवीवर पेन्सिलीने बारीक 'मोफत' लिहिलं. ती न्यायला त्या घरातला मुलगा आला. त्याने ते वाचलं, बोटाने पुसायचा प्रयत्न केला, पुसलं गेलं नाही. पुढचे तीन आठवडे त्या घरातून कुणी फिरकलं नाही. मी घरी जाऊन माफी मागितली. दारातच उभं राहून बोललो, आत या कुणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पाचव्या आठवड्यात तो मुलगा परत आला, निम्मे पैसे मुठीत घेऊन. मी ते घेतले आणि पिशवी दिली. तिच्यावर फक्त नंबर होता.

आता बत्तीस घरं आहेत. फळांचं गणित अजून जुळत नाही, आठवड्यातून एकदाच पुरतात. संध्याकाळचं वाटप मावशी बघतात. काटा शून्यावर आहे ना, हे त्या दोनदा तपासतात. माझ्या वेळी हे कुणी करत नव्हतं.