गालाला लावून बघ

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर आली ती शाळेच्या मागची पत्र्याची शेड. पाच चाकं, एक इलेक्ट्रिक भट्टी आणि कोपरापर्यंत मातीने माखलेल्या आमच्या सिरॅमिक्सच्या बाई.

बाईंचा मूळचा स्वतःचा स्टुडिओ होता, शाळेत त्या नंतर आल्या. पहिली काही वर्षं भांड्यांवर भागेना म्हणून त्यांनी दारावरच्या नंबरांच्या टाइल्स केल्या होत्या. ते दिवस त्या अगदी मोकळेपणाने सांगत, आणि सांगता सांगता लूसी रीवर येत. १९३८ साली व्हिएन्ना सोडून लंडनला आलेली ही मातीच्या भांड्यांची नावाजलेली कलावंत युद्धाच्या काळात कपड्यांची सिरॅमिक बटणं करून राहिली. कापडाशी रंग जुळवता जुळवता तिचा ग्लेझवरचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावरचा, हात तयार झाला. १९४६ मध्ये हॅन्स कोपर तिच्याकडे मदतनीस म्हणून आला तेव्हा त्याला मातीचा काडीचाही अनुभव नव्हता, आणि पुढे तो तिच्याच तोडीचा झाला. ही गोष्ट बाई नेहमी वर्गातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलाच्या चाकाशी उभ्या राहून सांगत. आठवीत तो मुलगा मी होतो.

चाकावर बसायच्या आधी महिनाभर आम्ही माती मळली. मग प्रत्येकाने मातीची एक पट्टी केली, ओली असतानाच तिच्यावर बरोबर दहा सेंटीमीटरची रेघ मारली. पट्टी वाळली, कच्ची भाजली गेली, ग्लेझ लावून १२५० अंशांना पुन्हा भाजून निघाली आणि रेघ भरली ८.८. म्हणजे १२ टक्के आकस. “आता तुला हवा तेवढा पेला मिळायला किती मोठा करायचा?” बाईंनी विचारलं. गणितात मला कधी न आलेली टक्केवारी त्या दिवशी आली.

नववीत त्यांनी भट्टीची वही माझ्याकडे दिली. दर अर्ध्या तासाला तापमान लिहायचं. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, एकदम फुगतो आणि उतरताना तिथेच आकसतो, म्हणून घाईने दार उघडलं तर भांड्याला तडा जातो. हे सगळं मला पाठ होतं. पण भट्टी भरण्याआधीची एक साधी गोष्ट मी टाळली. भांडं वाळलंय की नाही ते बाई गालाला लावून बघत. आत ओल असेल तर ती उडत असते, त्यामुळे भांडं गार लागतं. प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. पाचवीच्या मुलांची भांडी वरून पांढुरकी दिसत होती. मी एकही गालाला लावलं नाही, भट्टी भरली आणि बटण चालू केलं.

दीड तासाने आतून पहिला धप्प असा आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्या आवाजाला बाईंनी बटण बंद केलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी अकरा भांड्यांचे तुकडे टेबलावर मांडले गेले. मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं फुटतं, असं आम्ही ऐकून होतो. बाईंनी तुकडे जुळवायला लावले. प्रत्येक भांडं तळाशी फुटलं होतं, जिथे माती सगळ्यात जाड होती. तिथे मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. पाचवीची मुलं रडवेली होऊन उभी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई त्यांना म्हणाल्या, “भट्टी माझी आहे, चूक माझी.” वहीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘ओल राहिली. गाल लावला नाही.’ खाली सही त्यांची.

मग मला एकट्याला एक बादली दिली. भट्टी फार चढली नव्हती, माती अजून कच्चीच होती. पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे गेलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. त्याच्या आत आहे तोवर विरघळते. मी तुकडे पाण्यात टाकले. काही वेळाने कडा सुटायला लागल्या, तासाभरात खाली गाळ झाला. तो गाळून, सुकवून, मळून अकरा गोळे केले आणि पाचवीच्या वर्गात नेऊन दिले. तिथे मी चूक कबूल केली. प्रदर्शनात त्या मुलांचं टेबल रिकामंच राहिलं. भांडी पुढच्या महिन्यात झाली.

मी पुढे भांडी केली नाहीत. दातांच्या लॅबमध्ये काम करतो, पोर्सलेनच्या कॅप बनवतो. तीही फेल्डस्पारचीच, म्हणजे भांड्यांच्या ग्लेझमध्येही असणाऱ्या खनिजाची, दुनिया. ओली भुकटी ब्रशने थरावर थर चढवायची, आकसणार म्हणून दात मूळ मापापेक्षा मोठा घडवायचा, आणि भट्टीत सारण्याआधी तिच्या तोंडाशी काही मिनिटं वाळू द्यायचा, नाहीतर वाफेने थर उडतो. ही मिनिटं वाचवावीत असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही.

निवृत्तीनंतर बाईंची बोटं सांध्यांत आखडली. चाकावर माती मध्यभागी आणायला लागणारा जोर उरला नाही, तेव्हा चाक सोडून त्या मांडीवर गोळा घेऊन अंगठ्याने दाबत दाबत वाडगे करू लागल्या. मला तर त्यांच्या चाकावरच्या कामापेक्षा हे वाडगे जास्त आवडतात. कडा वरखाली, आणि आत अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा.

मागच्या खेपेला भेटायला गेलो तेव्हा कच्चे वाडगे फळीवर मांडलेले होते. त्यांनी एक उचलून माझ्या हातात दिला. मी गालाला लावला.

“गार आहे अजून,” मी म्हणालो.

“मग ठेव परत फळीवर.”

मी ठेवला.