तात्या ट्रकने गेलेली वाट

तात्यांनी आळंदी ते पंढरपूर ही वाट कधी चालून केली नाही. ते दिंडीच्या सामानाचा ट्रक चालवायचे. पहाटे राहुट्या सुटायच्या. खांब, पातेली, पिठाची पोती आणि सगळ्यांच्या वळकट्या गाडीत चढायच्या, आणि पालखी तळावरून हलायच्या आत तात्या पुढच्या मुक्कामाच्या रस्त्याला लागलेले असायचे. कुणाच्या रानात तंबू ठोकू देतात, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, वाल्ह्यात पाऊस झाला की गाडी कुठल्या कडेला रुतते, हे त्यांना तोंडपाठ. अभंग मात्र एकही पुरता येत नव्हता.

मागच्या थंडीत ते गेले. घरी हा माणूस ‘जेवण झालं का’च्या पुढे फारसा बोलला नाही. पण तेराव्याला दिंडीतली मंडळी आली आणि तात्यांचे किस्से सांगत संध्याकाळपर्यंत बसली. आई आणि मी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. म्हणून यंदा मी भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली. भक्तीचं नाव कशाला घेऊ, मला उरलेले किस्से ऐकायचे होते.

आमची दिंडी रथामागची. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, चढ संथ होतो, आणि बोलायला सवड मिळते. आमचे विणेकरी बुवा पाटण भागातले. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन ते माझ्यासोबत चालू लागले. आमचं मूळ गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं, एवढं मला ठाऊक होतं. त्याच कोयनेच्या कामावर सतराव्या वर्षी तात्या बोगद्यात राबत होते, हे बुवांकडून कळलं. ज्या धरणानं घर बुडवलं त्याचीच मजुरी. मी म्हटलं, “राग नाही आला त्यांना?” बुवा म्हणाले, “राग येऊन काय करणार होता? हप्ता आठवड्याला मिळायचा.”

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं तेव्हा तात्या पत्र्याच्या शेडात झोपले होते. पत्रा अंगावर पडला म्हणून वाचले. दगडी भिंतींखालची माणसं वाचली नाहीत. दोन दिवस दगड उपसले, असं बुवा सांगतात. मदतीचं सामान घेऊन आलेल्या एका ट्रकचा क्लीनर पुन्हा धक्के बसतील या भीतीने पळाला आणि त्याच्या जागी तात्या चढले. त्यांच्या ड्रायव्हरकीची सुरुवात अशी झाली. आम्हाला मात्र लहानपणी “शिकलो मुंबईला” एवढंच सांगितलं होतं.

पुढचा भाग स्वयंपाकाच्या मावशींकडे होता. जेजुरीला भंडाऱ्यानं सगळे पिवळे झालेले, मावशी भाकरी थापतायत आणि मी चुलीत लाकडं सारतेय. त्यांनी आधी इकडेतिकडे बघून घेतलं. मग म्हणाल्या, “कलकत्ता, गुवाहाटी, सगळीकडं गाडी नेली त्यांनी. ब्रह्मपुत्रेला पूर आला तेव्हा कितीतरी दिवस तिकडंच अडकले. मासे-भात खाल्ला. माळ नंतर घातली बरं का, बुवांना बोलू नकोस.” बुवांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

नीरेवर पादुकांचं स्नान झालं आणि आम्ही साताऱ्याच्या हद्दीत आलो. पालखी मार्ग आता एवढा रुंद झालाय की तात्यांनी सांगितलेल्या खुणा सापडतच नाहीत. ज्या वडांखाली गाडी थंड करायचे त्यातले बरेच रुंदीकरणात गेले. पाय भाजले की मला त्या वडांचीच आठवण यायची.

लोणंदच्या तळावर समाजआरती. चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा मोठा तळ चिडीचूप झाला. सापडलेल्या वस्तू पुकारतात तेव्हा बुवांनी मला कोपरानं ढोसलं. याच तळावर एका वर्षी ट्रकची किल्ली पुकारली गेली होती. तात्या किल्ली शोधत शोधत आदल्या मुक्कामापर्यंत मागे गेलेले आणि सगळी दिंडी वळकट्यांवाचून आभाळाखाली बसलेली. किल्ली कुणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून ती तात्यांच्या करदोट्याला बांधलेली असायची. तो करदोटा मी लहानपणापासून बघत होते.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व धावले, मी टाचा उंचावून पाहिले, आणि खरं सांगायचं तर मला समोरच्याचं मुंडासंच जास्त दिसलं.

कुवेतची गोष्ट नातेपुत्यात निघाली, आणि तिथं भांडण लागलं. तात्या ऐंशीच्या दशकात तिकडे पाण्याचा टँकर चालवत होते, इथवर एकमत. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य शिरलं, आणि मग हजारो भारतीयांसारखे तेही बगदादमार्गे जॉर्डनला, अम्मानला पोचले, तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला. पण अम्मानपर्यंत कसे? बुवांच्या म्हणण्यानुसार टँकर बसऱ्याच्या रस्त्यावर सोडला आणि चालत निघाले. आता ट्रक चालवणारा पोरगा म्हणाला, छे, तात्यांनी मला स्वतः सांगितलंय, एक ट्रक मिळवला आणि मल्याळी कुटुंबं बसवून वाळवंटातून आणली. मावशींच्या गोष्टीत त्या ट्रकमध्ये एक बाळंतीणही होती. दर मुक्कामाला त्या ट्रकमधली माणसं वाढत गेली. वेळापूरच्या उतारावर, जिथे तुकोबांची आठवण म्हणून सगळे धावतात, तिथेही पोरगा धापा टाकत म्हणाला, “चाळीस माणसं होती, ताई!”

मला बुवांचं पटत होतं. तात्या काही सोडून निघाले असतील, हे त्यांच्या स्वभावात बसतं. पण पोरगा त्यांच्याजवळ केबिनमध्ये बसलेला, बुवा नव्हते.

वाखरीला पोचल्यावर आईला फोन लावला. सगळ्या पालख्या एकत्र आलेल्या, टाळांच्या आवाजात तिचं बोलणं धड ऐकू येईना. ओरडून विचारलं, “तात्या कुवेतवरून ट्रक घेऊन आले होते का गं?”

“ट्रक कसला?” आई म्हणाली. “बसनं आले. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की त्यांना मळमळायचं, माहितीये ना तुला? अम्मानपर्यंत उलट्या करत आले. विमानतळावर उतरले तेव्हा पायात चप्पल नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, कुणाला तरी दिली.”

“कुणाला?”

“ते कुठं सांगतात! बरं, बुक्का आणि चुरमुरे आण. आणि त्या पोराला म्हणावं, गाडीचं ऑइल बदल, तात्या असते तर आतापर्यंत बदललं असतं.”