फॅटी ॲसिड सिंथेजच्या प्रतिपिंडाची पारख : उन्हाळ्यापर्यंतची प्रगती

मानवी फॅटी ॲसिड सिंथेज हे विकर (एन्झाइम) ओळखणाऱ्या प्रतिपिंडाची (अँटिबॉडीची) चाचणी आता अशा टप्प्यावर आली आहे की, वेस्टर्न ब्लॉटच्या, म्हणजे जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रथिने पटलावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत, पटलावर २५० किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे प्रथिनांच्या वजनाचे एकक) खुणेच्या किंचित वर एक ठळक पट्टा दर वेळी उमटतो. तो पट्टा याच विकराचा आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

हे विकर ॲसिटिल-कोए आणि मॅलोनिल-कोए यांपासून, एनएडीपीएचच्या साहाय्याने, सोळा कार्बनचे पामिटिक आम्ल तयार करते. एकाच साखळीत २,५११ अमिनो आम्ले असून तिचे वजन सुमारे २७३ किलोडाल्टन भरते. यकृतात मेद कसा साठतो हे समजून घेण्याची ओढ असल्यामुळे मी हेच विकर निवडले, आणि ते पाहण्यासाठी हेप-जी२ या मानवी यकृत-अर्बुदाच्या पेशींचा तयार लायसेट (पेशी फोडून मिळवलेला प्रथिनांचा द्राव) घेतला, कारण त्या पेशींत हे विकर भरपूर असते.

एवढ्या मोठ्या प्रथिनाच्या बाबतीत प्रतिपिंडाइतकेच महत्त्व जेलमधून पटलावर होणाऱ्या वहनाला असते. दहा टक्क्यांच्या जेलमध्ये ते वरच्या टोकाशीच अडकून राहते, म्हणून मी सहा टक्क्यांचे जेल वापरतो. वहनाच्या बफरमध्ये मेथेनॉल नेहमीच्या वीस टक्क्यांऐवजी दहा टक्के ठेवतो आणि प्रथिने विरघळती ठेवणारे एसडीएस हे अपमार्जक किंचित घालतो, कारण मेथेनॉलने जेल आक्रसते व मोठी प्रथिने आतच राहतात. पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पटलावर, कमी व्होल्टेजवर, रात्रभर केलेले वहन मला सर्वांत विश्वासार्ह वाटले. प्रथिने तात्पुरती लाल दाखवणाऱ्या पाँसो रंगाने पटल रंगवून वरच्या भागात प्रथिने उतरली आहेत याची खात्री करून घ्यावी आणि मगच प्रतिपिंड खर्च करावे, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक रांगेत प्रथिन सारखेच भरले आहे ना, हे पाहण्यासाठी तुलनेला घेतले जाणारे ॲक्टिन येथे उपयोगाचे नाही, कारण ४२ किलोडाल्टनचे ते प्रथिन अशा जेलच्या तळाशी पोचते किंवा बाहेरच निघून जाते. सुमारे १२० किलोडाल्टनचे व्हिन्क्युलिन अधिक सोयीचे आहे.

खानदेशात काम करणाऱ्यांनी तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे. कार्यपद्धतीच्या कागदावर एक तास खोलीच्या तापमानाला ठेवा असे लिहिलेले असते तेव्हा वीस ते पंचवीस अंश अभिप्रेत असतात, आणि मे महिन्यात जळगावातील पत्र्याच्या छताखालची खोली याहून कितीतरी तापलेली असते. म्हणून दुय्यम प्रतिपिंडाची (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटून पट्टा दृश्य करणाऱ्या प्रतिपिंडाची) पायरीही मी सकाळी लवकर, थंड पाण्याच्या ट्रेमध्ये डबा ठेवून करतो. वहनाची टाकी तर शीतकपाटातच ठेवावी लागते. पन्नास टक्के ग्लिसरॉलमध्ये आलेले प्रतिपिंड उणे वीस अंशांना गोठत नाही, त्यामुळे वीज गेल्यावर गोठणे-वितळणे यांचा फेरा त्याला सोसावा लागत नाही. लायसेटला मात्र तो सोसतो असे समजू नये, त्याचे लहान लहान भाग करूनच ठेवावेत.

प्रतिपिंड पटलालाच चिकटू नये म्हणून त्यावरील मोकळ्या जागा झाकण्यासाठी सर्वजण दुधाची भुकटी वापरतात. या विकरासाठी मी ती टाळली आहे. दुधातील स्निग्धकणांच्या आवरणात गाईचे फॅटी ॲसिड सिंथेज आढळते, आणि मानवी विकराशी त्याचे साम्य असल्याने प्रतिपिंडाचा थोडा भाग तेथेच गुंतण्याची शक्यता नाकारता येत नाही. स्निग्धांश काढलेल्या भुकटीत ते अल्पच असेल, तरीही बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातील एक प्रथिन) वापरल्यास ही शंकाच उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. योग्य वजनाचा पट्टा दिसणे हा पुरावा अपुरा आहे. प्रतिपिंडांची पारख कशी करावी यासाठी एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१६ मध्ये पाच मार्ग सुचवले, त्यांत जनुक काढून टाकलेल्या किंवा दडपलेल्या पेशींशी तुलना हा एक आहे, आणि माझ्या मते हौशी अभ्यासकाला सर्वांत जास्त सांगून जाणारा तोच आहे. त्याप्रमाणे मी हॅप-१ या मानवी पेशींचे दोन लायसेट, एक मूळ आणि एक हे जनुक निकामी केलेला, शेजारी शेजारी चालवले. निकामी केलेल्या पेशींत वरचा पट्टा पूर्णपणे नाहीसा झाला आणि व्हिन्क्युलिन दोन्हींत सारखेच राहिले. हे पाहताना मला फार आनंद झाला. परंतु १५० किलोडाल्टनच्या आसपासचा एक फिकट पट्टा दोन्ही लायसेटमध्ये तसाच राहिला; म्हणजे तो विकराचा तुटलेला तुकडा नसून, प्रतिपिंड दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाला चिकटत आहे.

ब्लॉटमध्ये ही उणीव अडथळा ठरत नाही, कारण वजनामुळे दोन्ही पट्टे वेगळे दिसतात. ऊतींच्या कापांवर किंवा पेशींच्या प्रतिदीप्ती-चित्रणात मात्र अशी विभागणी नसते, आणि तेथे हेच प्रतिपिंड वापरून विकर पेशीत कोठे आहे असे सांगणे मला मान्य होणार नाही. तसेच हे बहुकृन्तक (पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असलेले), सशापासून मिळवलेले प्रतिपिंड असल्यामुळे पुढच्या खेपेच्या कुपीत फिकट पट्टा कमी-जास्त होऊ शकतो. नवी कुपी आली की हीच तुलना पुन्हा करावी लागेल.

पुढील टप्प्यात साखळीच्या दुसऱ्या टोकाकडील, म्हणजे थायोएस्टरेज भागाकडील तुकडा ओळखणारे एककृन्तक (मोनोक्लोनल, म्हणजे एकाच प्रकारचे) प्रतिपिंड याच लायसेटवर चालवणार आहे. दोन्ही प्रतिपिंडे वरच्या पट्ट्यावर एकमत झाली आणि फिकट पट्टा दुसऱ्यात दिसला नाही, तर चित्रणासाठी ते दुसरेच घ्यायचे ठरवले आहे.