केळीचा ट्रक आणि आतलं चाक

सावदा-रावेर रस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. मे महिन्यातली दुपार, लू चाललेली. केळीने भरलेला ट्रक दारात येऊन थांबला.

"काका, मागचं आतलं चाक बसलं. फक्त हवा भरी द्या, पुढचं बऱ्हाणपूरले पाहू. माल दिल्लीचा आहे."

त्याची घाई मला कळत होती. अशा उन्हात ताडपत्रीखाली केळी फार थांबत नाही. पण जोडचाकातलं आतलं बसलं की बाहेरचं भार उचलतं, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. टामी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून बघितली तरच कळतं. भरलेल्या टायरवर ती उसळते, बसलेल्यावर थप्प वाजते.

"टामी शेवटची कधी मारली, भाऊ?"

"सकाळी, माल भरायच्या आधी."

टायरला हात लावला तर चटका बसला. मी हवा भरायला नकार दिला. तो चिडला, मालकाला फोन लावला, मालक माझ्यावर ओरडला. मी म्हटलं, खोलून बघतो, मग बोला.

आधी व्हॉल्व्हची पिन काढून उरलीसुरली हवा सोडली, मगच नट ढिले केले. टायर खोलला तर आतून रबराचा काळा भुगा सांडला. ट्यूब चिरगुटासारखी झाली होती. साइडला बोटाने दाबलं तर ती मऊ लागली, आत तारा तुटलेल्या. अशा रेडियलमध्ये, म्हणजे पोलादी तारांच्या टायरमध्ये, 110 पौंड हवा भरली, तर पिशवीची चेन उघडावी तशी साइड फाटते. समोर माणूस असेल तर वाचत नाही.

माझ्या उस्तादांचा उजवा हात असाच गेला. तिथे टायर फाटला नव्हता, रिमची लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर अडकवून धरणारी लोखंडी कडी, नीट बसली नव्हती आणि हवा भरताना उडाली. तेव्हा मी पंधरा वर्षांचा, पाण्याची बादली धरून दोन पावलांवर उभा होतो. तेव्हापासून चाकाला साखळी बांधल्याशिवाय आणि लांब नळी लावून बाजूला सरकल्याशिवाय मी कॉम्प्रेसर सुरू करत नाही.

स्टेपनी चढवली. बाहेरचं टायरही उतरवून तपासलं, त्याने एकट्याने दुप्पट भार ओढला होता. ते शाबूत निघालं. सव्वा तास गेला.

ड्रायव्हर म्हणाला, "हा टायर राहू द्या, कोणीतरी घेईल." मी करवत घेऊन त्याच्यासमोरच साइडला आरपार काप दिला. त्याने काही न बोलता टामी उचलली आणि दहाही चाकांवर एकेक ठोका मारत गाडीभोवती फिरला.