डायव्हिंगच्या फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) घेण्याआधी पाय कसे मारता ते बघा
आज दिवसभर पाण्यात हेच दिसलं: फिन्स महागड्या, पण किकशी मेळ नाही. कमरेपासून पाय आळीपाळीने वरखाली मारणारी फ्लटर किक असेल, तर लांब, लवचिक पात्याची किंवा स्प्लिट (मधोमध चिरलेल्या पात्याची) फिन बरी. (गुडघ्यातून सायकल मारणाऱ्यांनी आधी किक सुधारा, खरेदी नंतर.) बेडकासारखे पाय बाजूला फाकवून मागे ढकलणाऱ्या फ्रॉग किकला मात्र आखूड, रुंद, कडक पातंच हवं. स्प्लिट फिनने उलटी फ्रॉग किक मारून मागे सरकायला गेलात तर पातं नुसतं दुमडतं, तुम्ही जागच्या जागी! अर्थात कडक पात्याने सवय नसलेल्या पोटऱ्यांत गोळेही येतात. ओपन हील (टाच उघडी, मागे पट्टा असलेली) फिन डायव्हिंगचे ५ मिमी जाडीचे बूट घालूनच मापा; टाच हलली की जोर वाया, बोटं आवळली की मुंग्या.